गोझोला दोघंच

चेत्तामावशीने एक गोष्ट आमच्या गल्लीपासून दोन महिने लपवून ठेवली होती, हे मी आजही सांगते तेव्हा लोक हसण्यावारी नेतात. आमच्या गल्लीत लपत काहीच नाही. एका घरात कांदा करपला की समोरच्या बाल्कनीतून 'गॅस बारीक कर' म्हणून सल्ला येतो. पण मावशीने लपवली, आणि फुटली तीही तिच्याच तोंडून. कशी, ते येईलच. आधी मे महिन्यातली ती दुपार सांगते, कारण तिथे मी हजर होते आणि मला स्वतःच्या कानांनी ऐकलेलंच सांगायला आवडतं.

माझं पार्लर म्हणजे आमच्या घराची रस्त्याकडची खोली. मावशी, म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, महिन्यातून एकदा केस रंगवायला येते आणि रंग चढेपर्यंत साऱ्या गावाची झडती घेते. त्या दिवशी आली ती गप्प. तिने स्वतःच दार लावलं, पडदा ओढला, खुर्चीत बसली आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "रोमीना, तुझ्या त्या फोनवर घरं दिसतात ना भाड्याची? गोझोतली?"

"दिसतात की. कधीसाठी?"

"सांता मारियाच्या आठवड्यात."

"किती जणांसाठी?"

तिने चादरीखालून हात काढला आणि दोन बोटं वर केली. मला वाटलं वीस म्हणतेय.

"दात काढू नकोस," ती म्हणाली. "मी आणि नार्दू. दोघंच."

आता यात हसण्यासारखं काय, ते सांगते. आम्हा माल्टावाल्यांना गोझो म्हणजे समोर दिसणारं बेट. चिर्केव्व्याच्या धक्क्यावरून बोटीत बसलं की कॉफी संपायच्या आत पोचतो. पण ऑगस्टात, सांता मारियाच्या सुट्टीत, तिथे जायचं म्हणजे अख्खं खानदान जातं. पंखे, गाद्या, पातेली, पिंजऱ्यातले पक्षी, एखादी म्हातारी खुर्चीसकट, सगळं गाडीवर लादतात. ऑस्ट्रेलियाला कायमचं निघालेल्या माणसांनीही एवढं सामान नेलं नसेल. एका घरात पंधरा माणसं झोपतात, निम्मी गच्चीवर, आणि परत आल्यावर सांगतात काय निवांत वाटलं म्हणून. दोघंच गोझोला गेली असं कळलं तर गावाने विचारलं असतं, भांडण झालं का घरात?

"मावशी, आणि फिलुमेना?" मी विचारलं.

"फिलुमेना तुझ्या आईकडे राहील. आयत्या वेळी सांगू. आधी सांगितलं तर आजारी पडेल."

फिलुमेना ही नार्दूकाकाची बहीण. लग्न केलं नाही, भावाच्या घरात राहिली, आणि मावशीच्या संसारात पहिल्या दिवसापासून आहे. वाईट बाई नाही. फक्त ती असते. जेवताना असते, टीव्ही बघताना असते, नवराबायको हळू आवाजात काही बोलायला लागली की 'काय, काय?' म्हणत असते.

मावशीचं सगळं आयुष्यच गर्दीत गेलंय. आठ भावंडांतली ती दुसरी. दोन खोल्यांचं घर, एका पलंगावर चौघी बहिणी. चौदाव्या वर्षी बेकरीत कामाला लागली. तेव्हा रविवारी सकाळी गावातल्या बायका चर्चमध्ये मिसेला जाता जाता आपापले मॅकरोनीचे, बटाटे-मटणाचे ट्रे बेकरीच्या भट्टीत ठेवायला द्यायच्या, आणि मिसा सुटली की भाजलेले ट्रे घेऊन घरी जायच्या. ते ट्रे घ्यायला आणि द्यायला मावशी उभी. शंभर बायका एकदम बोलायच्या, प्रत्येकीला आपलाच ट्रे आधी हवा. 'माझ्या कानात अजून त्या बायका आहेत,' असं ती म्हणते. मग लग्न झालं, तर सासरी सासू, सासरे, फिलुमेना. मग मुलं. मग सासू अंथरुणाला खिळली, ती नऊ वर्षं. मग मुलांची लग्नं झाली आणि दुपारी नातवंडं सांभाळायला आली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ती आणि नार्दूकाका एका छपराखाली दोघंच आहेत असा एक अख्खा दिवस नाही. हे तिनेच मला सांगितलं, केसांना रंग लावलेला असताना, आणि सांगताना तिला इतकं हसू आलं की रंगाचा थेंब नाकावर आला.

"मला म्हातारा नीट बघायचाय गं," ती म्हणाली. "कसा आहे ते बघू तरी. मला वाटतं मला आवडेल."

 मी फोन काढला.

तुम्ही कोणाबरोबर घर शोधलं असेल तर त्याला पोहण्याचा तलाव हवा असेल, समुद्र दिसायला हवा असेल. मावशीला हवं होतं एकच झोपण्याची खोली असलेलं घर. दोन खोल्यांचं घर दिसलं की 'नको, पुढे.' शेवटी अस्री नावाच्या गावात एक सापडलं. गोझोतलं हे सगळ्यात चिमुकलं गाव, चर्च आणि चार गल्ल्या. पिवळ्या दगडाचं घर, अंगणात लिंबाचं झाड, एकच खोली. आणि तिथलं फेस्त, म्हणजे गावच्या संताची जत्रा, जूनमध्येच होऊन जातं, म्हणजे फटाके नाहीत, बँड नाही. घरमालकिणीचं नाव मारी-रोज. मावशीने माझ्या हातातून फोन घेतला आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"बाई, अंगणात खुर्च्या किती?"

"सहा आहेत. अजून लागल्या तर आणून देईन."

"चार काढून ठेवा," मावशी म्हणाली. "खुर्ची रिकामी दिसली की कोणीतरी येऊन बसतं."

 मग मारी-रोज म्हणाली, "नवीन लग्न का?"

"हो," मावशी म्हणाली आणि फोन माझ्याकडे फेकला. अडुसष्ट वर्षांची बाई, लाजून लाल झाली होती.

ते अगदीच खोटं नव्हतं. नार्दूकाकाशी तिचं लग्न झालं तेव्हा मधुचंद्र म्हणजे गोझोच. दोन रात्रींसाठी खोली घेतलेली, बॅगा भरलेल्या. चूक एकच केली. लग्न गावच्या फेस्तच्या आदल्या आठवड्यात ठेवलं, कारण हॉल तेव्हाच मिळत होता. निघायच्या दिवशी सकाळी निरोप आला, की संताची मूर्ती खांद्यावर घेणाऱ्या भोयांपैकी एकजण शिडीवरून पडला आणि पाय मोडून बसला. मूर्ती उचलायला सगळे भोई सारख्या उंचीचे लागतात, नाहीतर संत एका बाजूला कलतो. त्या उंचीचा दुसरा माणूस गावात एकच, नार्दू. तो बॅग दारात ठेवून गेला. जाताना म्हणाला, "फेस्तनंतर जाऊ."

हे 'फेस्तनंतर' मावशीच्या आयुष्याला असं चिकटलं की विचारू नका. एकदा खांदा दिला म्हणून काका पुढे तीस वर्षं भोई राहिला. खांद्यावर गाठ आली, तिला आमच्याकडे 'पाव' म्हणतात आणि भोई ती आंघोळीच्या वेळी समुद्रावर मिरवतात. खांदा थकला तेव्हा तो रस्त्यावरच्या सजावटीच्या मागे लागला. खांब रंगव, झेंडे शिव, दिव्यांच्या माळा तपास. नळ गळतोय? फेस्तनंतर. दाताच्या डॉक्टरकडे जायचंय? फेस्तनंतर. आणि फेस्त झालं की माणूस पुढच्या फेस्तच्या कामाला लागलेला. वाईट माणूस नाही, मारत नाही, पीत नाही, आवाज चढवत नाही. बोलतच नाही मुळी. लहानपणापासून फटाक्यांच्या जवळ उभा राहून उजवा कान गेलेला, त्यामुळे अर्धं त्याला ऐकू येत नाही आणि उरलेलं तो ऐकत नाही असं माझी आई म्हणते.

मावशीने त्याला सांगितलं ते मोठ्या हुशारीने. तो गच्चीवर बसून खांबाला सोनेरी रंग देत होता, तोंडात खिळे. ही म्हणाली, "नार्दू, मी गोझोला घर घेतलंय. फेस्तनंतर."

काकाने खिळे काढले. "फेस्तनंतर ना?"

"हो."

"मग चालेल."

ती गच्चीवरून उतरून थेट माझ्या पार्लरात आली. गिऱ्हाईक बसलेलं, म्हणून बोलता येईना. नुसती मागे उभी राहून आरशात मला हातवारे करत होती. गिऱ्हाईकाला वाटलं बाईला चक्कर आली.

ते दोन महिने मी मावशीला अशी पाहिली की जणू तिच्या अंगात सोळा वर्षांची कुणी शिरली होती. व्हॅलेटाला जाऊन तिने निळा गाऊन आणला, रेशमासारखा, आणि तो माझ्या कपाटात ठेवायला दिला, कारण घरी फिलुमेना कपाटं आवरते. मग एक दिवस आली आणि म्हणाली, मासा तळायचा का भाजायचा? मी म्हटलं, मावशी, अजून जून आहे. ती म्हणाली, मला माहितीये गं, पण विचार करायला मजा येते. रोज काहीतरी नवीन. सकाळी दोघांनी चालत चीज आणायला जायचं. दुपारी लिंबाखाली झोपायचं. संध्याकाळी काहीच करायचं नाही. "काहीच नाही, रोमीना. तुला कळतंय का? मी बसणार आणि तो बसणार आणि कोणी काही मागणार नाही." तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ती हसत असायची, दोन्ही एकदम.

आणि मग पाववाला.

आमच्याकडे सकाळी पाववाल्याची गाडी गल्लीत येते, भोंगा वाजवते, आणि बायका बाल्कनीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडतात. पाव टोपलीत, टोपली वर. मावशी बेकरीत वाढलेली, तिला पाव वाया गेलेला सोसत नाही. जुलैच्या मध्याला एका सकाळी टोपली वर ओढता ओढता ती खाली वाकून म्हणाली, "वेंझू, तेरा तारखेपासून पाच दिवस मला पाव नको."

बस. एवढंच. पुढचं वेंझूने केलं. आमचा वेंझू पाव कमी विकतो आणि बातम्या जास्त. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पुढच्या बाल्कनीखाली गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "चेत्ता पाच दिवस पाव घेत नाहीये. सांता मारियाला. गोझो असणार." गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत घर, तारीख, बोटीची वेळ, सगळं ठरलं होतं. दोन महिने जी बाई सख्ख्या बहिणीला बोलली नाही, ती पावापायी स्वतःचाच घात करून बसली.

सगळ्यात आधी माझी आई आली, जीझा. "मला सांगितलं नाहीस? तुझी बहीण मेली का?"

मावशी म्हणाली, "घर लहान आहे गं."

"मी कुठे मोठी आहे?" आई म्हणाली. आई चांगली आडवी आहे, पण ते सोडा.

मग मावशीचा मुलगा एत्येन आला. "आई, एवढं छान, मुलांना पण घेऊन येतो. बायको खूष झाली." मग त्याची सासू, कारण ती एकटी राहील. मग सासूचा भाऊ, कारण त्याच्याकडे मोठी गाडी. फिलुमेनाने तर विचारलंच नाही. तिने सरळ आपली बॅग जिन्यात आणून ठेवली आणि म्हणाली, "मला खिडकीजवळची खाट लागते."

मावशीचा शेवटचा हुकमी पत्ता म्हणजे ती एक खोली. सगळ्यांना जेवायला बसवून तिने जाहीर केलं, "एकच खोली आहे. एकच पलंग. माझा नाइलाज आहे." आणि हातातला डाव खाली ठेवून ती अशी बसली जणू जिंकली. तेवढ्यात माझ्या आईने माझा फोन उचलून मारी-रोजला लावला. गोझोची माणसं फार अगत्यशील असतात, हे आमचं दुर्दैव. मारी-रोज म्हणाली, "अहो मग काय झालं? शेजारचं घर माझ्या भावाचं आहे, रिकामंच आहे. मध्ये दार आहे. उघडून देते. खुर्च्याही परत ठेवते."

टेबलाभोवती सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने माझ्याकडे बघितलं. मला त्या सगळ्यांच्या टाळक्यात ट्रे हाणावासा वाटला.

आणि काका? काका मॅकरोनी खात होता. मावशीने त्याला विचारलं, अगदी सरळ विचारलं, "नार्दू, तुला काय वाटतं?"

त्याने वर बघितलं. "माणसं आली तर बरंच, नाही का?"

मावशी उठून भांडी घासायला गेली. मी मागोमाग गेले. नळ पूर्ण सोडला होता तिने, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. "मी सांगते काकाला," मी म्हटलं. "आत्ता सांगते. तुला दोघंच जायचं होतं, हे त्याला कळायला नको?"

"खबरदार," ती म्हणाली. "सांगून कळलं तर काय कळलं?"

"अगं पण..."

"चव्वेचाळीस वर्षं झाली, रोमीना. हे एक मी सांगणार नाही." तिने ट्रे इतक्या जोरात घासला की त्याचा मुलामा गेला असेल. मग म्हणाली, "तो गाऊन तुलाच ठेव."

मला त्या माणसाचा असा राग आला म्हणून सांगू. फेस्तच्या दिवशी तो सोनेरी खांबाखाली नवीन शर्ट घालून उभा होता, लोक त्याची पाठ थोपटत होते, आणि मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेरा तारखेला सकाळी आम्ही चौदा जण निघालो. एत्येनची गाडी, सासूच्या भावाची मोठी गाडी, काकाची पांढरी व्हॅन आणि सगळ्यात मागे मी, माझ्या छोट्या गाडीत, कारण माझ्या नवऱ्याला विमानतळावर सुट्टी मिळाली नव्हती आणि गाडीत जागा होती. जागा आहे म्हटल्यावर माझ्याकडे सशाच्या रश्श्याचं पातेलं आलं, दोन पंखे आले आणि फिलुमेनाचा पक्षी पिंजऱ्यासकट आला. व्हॅनमध्ये पुढे तीन माणसं बसतात. काका, मध्ये फिलुमेना, आणि दाराशी मावशी. घरी जेवायला बसतात तसंच. काकाचा चांगला कान डावा, आणि त्या कानाशी कायम फिलुमेना.

सांता मारियाच्या आधी चिर्केव्व्याला गाड्यांची जी रांग लागते ती बघितली नसेल तर बरंच आहे. टेकडीवरून खाली धक्क्यापर्यंत गाड्याच गाड्या, वर ऊन, मुलं रडताहेत, म्हाताऱ्या छत्र्या उघडून रस्त्यावर खुर्च्या टाकून बसल्यात. बोटी एकामागून एक येतात आणि भरून जातात, तरी रांग हलत नाही. दीड-दोन तासांनी आम्ही एकदाचे पुढे आलो. धक्क्यावरच्या पिवळ्या जाकिटातल्या माणसाने मोठी गाडी आत घेतली, एत्येनला हात केला, आणि व्हॅनसमोर आडवा हात धरला. बोट भरली. व्हॅन आणि मी पुढच्या बोटीला.

आणि तेव्हा फिलुमेनाला आठवलं, की एत्येन आधी पोचणार, म्हणजे खाटा आधी ती मंडळी वाटून घेणार. बाई व्हॅनमधून मावशीला ओलांडून उतरली. खरंच सांगते, मावशीच्या मांडीवरून. धावत जाऊन एत्येनच्या गाडीत मागे घुसली, नातवंडांच्या अंगावर. "माझा पक्षी सांभाळ गं," एवढं मला ओरडून सांगितलं आणि बोटीचं दार वर उचललं गेलं.

मी माझ्या गाडीत बसले. पक्षी बडबडत होता. समोर व्हॅनची मागची बाजू, गाद्यांनी भरलेली, त्यामुळे आतलं काही दिसेना. पाच-दहा मिनिटांनी व्हॅनचं डावं दार उघडलं. मग उजवं. वारा यावा म्हणून असेल. मग डाव्या दारातून मावशीचा पाय बाहेर आला, चप्पल नसलेला, आणि दाराच्या काठावर टेकला.

मला राहवेना. पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने मी उतरले आणि व्हॅनच्या कडेने पुढे गेले. पण दारापर्यंत गेलेच नाही. काका बोलत होता. एक वाक्य नाही, बोलत होता. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्याचा चांगला कान मावशीकडे होता.

"...सगळ्यांना वाटलं मी भक्तीने रडतोय," तो सांगत होता. "मूर्ती खांद्यावर, बँड वाजतोय, आणि मी संताला म्हणतोय, बाबा, त्या शिडीवरून पडलेल्याचा पाय आत्ताच्या आत्ता बरा कर, माझी बायको बॅग घेऊन दारात बसलीये."

"मग नंतर का नाही नेलंस?" मावशी म्हणाली.

"लाज वाटली. मला वाटलं तू परत विचारशील तेव्हा जाऊ. तू विचारलंच नाहीस."

"विचारलं. दरवर्षी विचारलं."

"कुठल्या बाजूला बसून?"

मावशीने त्याच्याकडे वळून बघितलं. मग एकदम हसायला लागली. हसता हसता तिने टोमॅटो चोळलेल्या पावाचा तुकडा त्याला दिला, तोही हसायला लागला, आणि मी पाण्याची बाटली तशीच घेऊन मागे आले. पक्ष्याला म्हटलं, गप्प बस.

किती वेळ गेला मला माहीत नाही. फार नसावा. तेवढ्यात बोट धक्क्याला लागली. रिकामी, पांढरीशुभ्र, तोंड उघडून. रांगेतली सगळी माणसं खुर्च्या मिटून गाड्यांत बसली, इंजिनं चालू झाली. पिवळ्या जाकिटवाला आला आणि त्याने व्हॅनच्या तोंडावर थाप मारली. "चला, चला. पहिले तुम्ही."

व्हॅन हलली नाही.

त्याने पुन्हा थाप मारली. मागे कोणीतरी भोंगा वाजवला. मी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं.

"चालू होत नाही," काकाचा आवाज आला.

"मघाशी तर टेकडीवरून इथवर आणलीत."

"मघाशी होत होती."

"काय झालंय? बघू?" तो माणूस काकाच्या बाजूने आत वाकला. "अहो, किल्ली तर लावा आधी. किल्ली तुमच्या खिशात आहे."

काकाने उजव्या कानामागे हात धरला. "हं?"

"किल्ली, किल्ली."

"जरा मोठ्याने बोला," काका म्हणाला. "फटाक्यांचा कान आहे."

तो माणूस सरळ झाला. त्याने पलीकडे मावशीकडे बघितलं. मावशीने तोंडावर हात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते, तिला हसू येत होतं का रडू, ते मला मागून दिसेना. त्या माणसाने मान हलवली, शिट्टी फुंकली आणि मागच्या गाड्यांना व्हॅनला वळसा घालून पुढे यायची खूण केली.

मी व्हॅनच्या बरोबरीला आले तेव्हा गाडी थांबवली. काका समोर समुद्राकडे बघत होता, अगदी गंभीर चेहरा करून. मावशीचे दोन्ही पाय आता वर होते, समोरच्या काचेला टेकलेले. तिने मला बघितलं. डोळे ओले होते आणि तोंडभर हसू.

"गाडी बिघडलीये," ती मला म्हणाली.

"दिसतंय," मी म्हटलं. "पुढच्या बोटीने येता?"

मावशीने काकाकडे बघितलं. काकाने हे मात्र पहिल्याच झटक्यात ऐकलं. तो म्हणाला, "बघू. कधी दुरुस्त होते सांगता येत नाही."

मी बोटीवर चढले. गाडी लावून वर डेकवर आले आणि मागे वळून बघितलं. उन्हात ती पांढरी व्हॅन दोन्ही दारं उघडी टाकून उभी होती आणि सगळ्या गाड्या तिला वळसा घालून जात होत्या. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. तेवढ्यात आईचा फोन आला. पलीकडे फिलुमेना खाटेवरून भांडत होती.

"कुठे अडकलात?" आई म्हणाली. "चेत्ता कुठाय? टेबल मांडलंय."

"रस्सा मी आणतेय," मी म्हटलं. "तुम्ही जेवून घ्या. त्या दोघांची वाट बघू नका."